पाटीवर शेवटचं नाव

२ फेब्रुवारी

भिंगरीस,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी ओरडू दे.

तू कामगार मंडळाची चिटणीस झालीस हे मला तुझ्या बापाकडून फोनवर कळलं. तेही अशा थाटात, जणू पोरगी गादीवर बसली. अगं, इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या सत्तावीस बायकांनी तुला निवडलंय. निम्म्यांनी तुझा आवाज मोठा म्हणून, निम्म्यांनी हे झेंगट आपल्या गळ्यात पडू नये म्हणून. मी एकतीस वर्षं तेच काम केलं, तेव्हा मतं कशी पडतात ते मला शिकवू नकोस.

तुझ्या बापाने असंही सांगितलं की तू आता मला रोज फोन करून सल्ला विचारणार आहेस. नको. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतेस आणि दुसऱ्या हाताने केस विंचरत असतेस. लिहायला बसलं की माणूस सापडतो. पत्र लिही. टपालवाल्यालाही जरा काम मिळेल.

आता मुद्द्याचं. एकच गोष्ट सांगते, बाकीचं तुला ठेचा लागतील तसं कळेल. सोमवारी सकाळी कामाची पाटी भरतात. कोण चादरी इस्त्री करणाऱ्या रुळावर, कोण घड्यांवर, कोण मळक्या खोलीत. त्या पाटीवर चिटणीस बाईने आपलं नाव सगळ्यांत शेवटी लिहायचं, उरेल त्या जागेत. उरते ती बहुधा मळकी खोलीच. रक्ताच्या आणि त्याहून वाईट डागांच्या चादरी निवडायला कोण आपण होऊन जातंय! तिथे उभं राहायचं. नाक बंद, कान उघडे. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मी घालून दिला म्हणून आहे.

का घालून दिला ते विचारू नकोस. चांगल्या गोष्टीची फार चौकशी करू नये.

डावरीला माझी आठवण सांग. तिची तीन बोटं रुळात गेली तेव्हा मी नऊ दिवस फाटकात धरणं धरून बसले होते, ती गोष्ट तुला पाठच आहे. पुन्हा सांगत नाही.

उरलेला आशीर्वाद सोबत आहे. जपून वापर.

आत्या

११ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी बसून, केस न विंचरता वाचलं. आता तूही बसून वाच, कारण तुला राग येणार आहे.

चिटणीस झाल्याच्या तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावलं. तू निवृत्त झाल्यावर आलेले हे. पाठीमागे आम्ही त्यांना इस्त्री म्हणतो, कारण आमच्या इतक्या वाफेत येऊनही त्यांच्या सदऱ्याला चुरगळ पडत नाही. म्हणाले, तुमच्यात चमक आहे, तुम्हाला 'उद्याचे नेतृत्व' या वर्गाला पाठवतो. दर सोमवारी नि मंगळवारी. शिकवायला एक ज्येष्ठ मार्गदर्शक आहेत, कुठूनतरी फार मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर उलटा त्रिकोण काढला. म्हणाले, खरा नेता सगळ्यांच्या खाली असतो, तो सेवक असतो. मग खुर्चीत रेलून म्हणाले, कुणीतरी पंखा वाढवा. आम्ही चौघं उठलो.

हस तू. पण काही गोष्टी बऱ्या सांगतात. कागद कसा वाचायचा, बैठकीत कुणाला आधी बोलू द्यायचं. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं, तू आपटत शिकलीस. मीही आपटायलाच हवं का?

मला एक खोलीही मिळाली आहे. काचेच्या दाराची. आणि हो, वर्गाला जायचं म्हणून पाटीवर माझं नाव मी सगळ्यांत आधी लिहिते, घड्यांवर. घड्यांवरून निघता येतं. मळक्या खोलीतून त्रिकोणाकडे गेले तर त्रिकोण बेशुद्ध पडेल.

एक किरकोळ कागद आहे सहीला. रुळापुढची आडवी दांडी हल्ली वेड्यासारखं करते. हात लागला की रूळ थांबावा म्हणून ती लावलेली, पण आता जरा वाफ लागली तरी तो थांबतो. पाळीत तीस तीस वेळा. नवा भाग यायला महिना लागेल म्हणतात. तोवर दांडी तारेने बांधून ठेवायची आणि कामगारांची हरकत नाही असं चिटणीस बाईने लिहून द्यायचं. बायकाच म्हणतायत, दे बाई सही, चादरींचा डोंगर हलत नाही, वॉर्डातून शिव्या येतात. पुढच्या आठवड्यात करून टाकेन. तू असतीस तर काय केलं असतंस?

तुझी आज्ञाधारक (सोमवार-मंगळवार सोडून),
भिंगरी

१४ फेब्रुवारी

भिंगरीस,

तुझ्या काचेच्या दाराला एक फायदा आहे. आत बसून तू काही करत नाहीस हे सगळ्यांना बाहेरून दिसतं.

त्रिकोणवाल्यांना माझा नमस्कार सांग. पंखा ज्याला स्वतः उठून वाढवता येत नाही त्याने त्रिकोण सरळ काढला काय नि उलटा काढला काय, त्याची खुर्ची तीच. तुला वर्गात का पाठवलं ते कळलं नाही? सोमवारी पाटी भरते, तू ती भरेपर्यंत तिथे थांबू नयेस म्हणून. हुशार माणूस आहे तुमची इस्त्री. आमच्या वेळचा साहेब नुसता ओरडायचा, तो परवडला.

पाटीवर पहिलं नाव लिहिलंस हे वाचून मी चहा तसाच ठेवला. गार झाल्यावर प्यायले, कारण टाकून द्यायची सवय नाही.

माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाहीस. ते दुखतात. शेजारीण म्हणते तेल लाव. तिने सांगितलेलं तेल लावून तिचेच दुखायचे थांबलेले नाहीत.

त्या दांडीच्या कागदावर सही करू नकोस. कारण विचारू नकोस. करू नकोस म्हटलं की करू नकोस.

आत्या

२० फेब्रुवारी

आत्या,

'कारण विचारू नकोस' असं आमचे साहेबसुद्धा म्हणत नाहीत. ते चार कारणं देतात. चारही खोटी असतात, पण देतात तरी.

तरीही मी थांबले. तू म्हणालीस म्हणून थांबले, आणि काल साहेबांना म्हटलं, जरा विचार करते. त्यांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली, त्यातलं एक पान उघडलं नि माझ्यापुढे सरकवलं. गोड आवाजात म्हणाले, "अहो, यात नवीन काय आहे? तुमच्या आत्यांनीसुद्धा दिली होती संमती. समजूतदार होत्या त्या."

कागद पिवळा पडलाय. दांडी तारेने बांधायला कामगारांची हरकत नाही. खाली तुझी सही, तुझ्या त्या लांब शेपटीची. आणि तारीख. डावरी मावशीची बोटं गेली त्याच्या दहा दिवस आधीची.

ती सही तुझी आहे?

ती नऊ दिवसांची गोष्ट मी लहानपणी झोपताना ऐकायचे. फाटक, ऊन, पोलिसांची गाडी, आणि आमची आत्या हलली नाही. तीच गोष्ट सांगून मी चिटणीस झाले, माहीत आहे? निवडणुकीत दुसरं भाषण नव्हतंच माझ्याकडे.

हो की नाही, एवढंच लिही. गुडघ्यांचं नंतर.

भिंगरी

२३ फेब्रुवारी

भिंगरी,

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग फोडलं. पाकीट वाया गेलं.

मला कुणी फसवलं नाही, धमकावलं नाही, हे आधी लिहून ठेवते. नाहीतर तू माझ्यासाठी सबब शोधत बसशील. तेव्हा मलाही खोली मिळाली होती. काच नव्हती, लाकडी दार होतं, पण दार होतं. वर्षभर मी रुळाजवळ उभी राहिले नव्हते. पाटीवर माझं नाव नसायचंच, चिटणीस बाई म्हणजे कामाला थोडीच! बैठका, पत्रं, साहेबाबरोबर चहा. कागद आला तेव्हा मी विचारलं, दांडी खरंच उगाच रूळ थांबवते का? साहेब म्हणाला, हो. बायका म्हणाल्या, हो, सही करून टाका. मीही म्हटलं, हो. सही करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चादरीची एक घडीही होत नाही.

दहाव्या दिवशी आरडाओरडा ऐकला. धावत गेले तेव्हा रूळ फिरतच होता. तो थांबवायचं बटण कुठे आहे ते मला आठवेना. एक वर्षात मी बटणाची जागा विसरले होते. दुसऱ्या कुणीतरी दाबलं.

मग नऊ दिवस बसले. ऊन खरं, पोलीस खरे, हलले नाही हेही खरंच. पण लोक म्हणाले डावरीसाठी बसली, आणि मी ते म्हणू दिलं. तो कागद फाईलमध्ये आहे हे मला माहीत होतं. तोंड उघडलं तर आपण बसलोय ते फुकट जाईल, दांडी परत लागणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. थोडं खरं होतं ते. पुढची एकवीस वर्षं गप्प बसले त्याला मात्र ते कारण पुरत नाही. ती लाज होती.

पाटीवर शेवटचं नाव लिहायला लागले ते तेव्हापासून. तुला तो नियम सांगितला, पण कशातून आला ते सांगितलं नाही. मुळं कापून फांदी दिली हातात. मग ती तू रुजवली नाहीस यात तुझा काय दोष?

आता माझं काही ऐकू नकोस. सही कर किंवा नको करूस, पण मी म्हटलं म्हणून नको आणि माझ्यावर चिडून तर नकोच. रुळावर उभी राहा. दांडी रूळ किती वेळा थांबवते नि कशाने, स्वतः बघ. आणि डावरीशी बोल. मला ते धैर्य कधी झालं नाही.

आत्या

९ मार्च

आत्या,

दोन आठवडे लिहिलं नाही. पहिले तीन दिवस रागाने, नंतर दमून.

वर्गाला गेले नाही. सोमवारी पाटीपाशी थांबले, सगळ्यांची नावं लिहून झाल्यावर माझं लिहिलं. मळकी खोली. मंगळवारी रुळावर जिला सगळ्या थोरली म्हणतात तिच्याशी जागा बदलून घेतली आणि पाच दिवस रुळावर राहिले. भिंतीवर खडूने रेघा मारल्या. सगळ्यात वाईट दिवशी दांडीने एकतीस वेळा रूळ थांबवला. बावीस वेळा उगाच, वाफेने. नऊ वेळा उगाच नाही. कुणाची बाही, कुणाची बांगडी, कुणाची बोटं. त्या नवांतली एक मी. चादरीच्या कोपऱ्याला पडलेली गाठ सोडवायला हात पुढे गेला, कसा गेला कळलंही नाही. रूळ थांबला. मी दहाही बोटं मोजली आणि मग हसू आलं, म्हटलं दहाच होती ना आधी?

डावरी मावशीशी बोलले. कागदाचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "सहीचं सांगतेस होय? ती माहितीय मला."

"कधीपासून?"

"तुझी आत्या फाटकात बसली त्या पहिल्या दिवसापासून. माझ्यासाठी बसणारी बाई माझ्याकडे बघते. ही नऊ दिवस जमिनीकडे बघत होती, वॉर्डाच्या खिडकीतून दिसायचं मला. मग बरी होऊन कामावर आल्यावर मी फाईल मागवली. मला वाचता येतं, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दांडी परत आली ना? आणि ती बाई मळक्या खोलीत आली. रोज. मी म्हटलं, राहू दे, वास घेऊ दे. पण तिने येऊन एकदा म्हणायला हवं होतं गं. वाट बघितली मी."

आत्या, मी हे गोड करून लिहीत नाहीये. असंच म्हणाली.

आता पुढचं. रेघा मोजणं चालूच होतं, बुधवारीच मी साहेबांना लिहून दिलं की आमची हरकत आहे. त्यांनी कागद दोन बोटांत धरला, मळक्या खोलीतून आल्यासारखा. गुरुवारी काचेच्या खोलीला कुलूप. शुक्रवारी सूचनाफलकावर तुझा जुना कागद, मोठा करून. खाली टाइप केलेलं: 'यापूर्वीच्या अनुभवी नेतृत्वाने दाखवलेला समंजसपणा.' बायका वाचतायत. काल एक जण म्हणालीच, "मोठ्या बाईंनी दिली होती सही. ही कालची पोर कोण लागून गेली?"

सोमवारी, १६ तारखेला, मिस्त्री तार घेऊन येणार आहे. मी एकटी आडवी पडले तर मला उचलून बाजूला ठेवतील, माझं वजन तुला माहीत आहे.

म्हणून तू येणार आहेस. विनंती नाही ही. गोष्ट तुझी आहे, ती तू स्वतःच्या तोंडाने सांग. तुला तोंड दाखवायला लाज वाटेल. वाटू दे, एकवीस वर्षं वाटतेच आहे, त्यात एका सकाळची भर. सकाळी सातला ये. पाटीवर तुझ्यासाठी जागा ठेवते.

भिंगरी

१२ मार्च

भिंगरी,

गुडघे चढू देत नाहीत. गाडी पहाटेची आहे. शेजारणीला काय सांगू? तुझ्या बापाला काय सांगू, ज्याने माझ्या नऊ दिवसांवर तीन सोयरिकी जमवल्या? सदुसष्टाव्या वर्षी माणसाने स्वतःचा पुतळा स्वतःच्या हाताने पाडायचा, ही काय बोलवायची पद्धत झाली? तुला कुणी शिकवलं असं मोठ्यांशी बोलायला?

मीच शिकवलं असणार.

येते. पाटीवर मला घड्यांवर टाकलंस तर बघ.

आत्या

२१ मार्च

आत्या,

तू दुपारच्या गाडीने गेलीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. आणि तुझ्यासमोर घडलं तेही तुला धड ठाऊक नाही, कारण बोलायच्या आधी तू चष्मा काढलास. तोंडं दिसू नयेत म्हणून काढलास, मी ओळखलं. तर काय दिसलं ते सांगते.

तू फलकापाशी उभी राहून म्हणालीस, "ही सही माझी. कुणी हात धरून करून घेतली नाही. दार लावून बसले होते, म्हणून केली." तेव्हा थोरली रडली नाही. थोरलीने तोंड वाकडं केलं. पाच-सहा जणींनी केलं. तुला माफ करायला त्या काही तिथे जमल्या नव्हत्या, आणि बरंच झालं. मग तू म्हणालीस, "दांडी बांधा खुशाल. पण बांधल्यावर पहिली चादर साहेबांनी आपल्या हाताने घालायची." तेव्हा इस्त्रीसाहेबांच्या सदऱ्याला काखेपाशी चुरगळ पडली. सगळ्यांनी पाहिली. तू तेवढी मुकलीस.

मिस्त्री तार सोडवत होता. डावरी मावशी आली, तिने आपला उजवा हात, दोन बोटांचा, दांडीवर ठेवला नि म्हणाली, "बांध. ह्याच्यावरनं बांध." मिस्त्रीने तार गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला, माझी जेवणाची वेळ झाली. सकाळचे साडेसात वाजले होते.

तू गेल्यावर, नवा भाग येईपर्यंत, रुळाला कुणी चादर दिली नाही. एकीनेही नाही, तोंड वाकडं करणाऱ्यांनीसुद्धा. शस्त्रक्रियेच्या आणि लहान मुलांच्या वॉर्डाच्या चादरी आम्ही हातइस्त्रीने काढल्या, पाळी संपल्यावरही थांबून. त्या अडायला नकोत, हे मी बोलायच्या आधीच डावरी मावशीने इस्त्री तापत घातली होती. बाकीचा डोंगर तसाच. मंगळवारी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर भांडायला आल्या. मी त्यांना भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवल्या, बावीस आणि नऊ. त्या नवांवर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथूनच वर फोन लावला. जो भाग यायला महिना लागणार होता तो गुरुवारी आला. दांडी आता हात लागला तरच रूळ थांबवते.

मला वर्गातून काढलं. 'सहकार्याच्या वृत्तीचा अभाव.' काचेच्या खोलीत आता झाडू ठेवतात. आणि दोन तारखेला माझी चौकशी आहे, काम अडवल्याबद्दल. नोकरी जाईल किंवा राहील. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. सत्तावीसच्या सत्तावीस जणी त्या दिवशी बाहेर उभ्या राहणार म्हणतात. निम्म्या माझ्यासाठी, निम्म्या ते काम आपल्यावर येऊ नये म्हणून. मला दोन्ही चालतील.

साहेबांनी काल फलकावरचा तुझा कागद काढायला माणूस पाठवला. बायकांनी काढू दिला नाही. त्याच्याखाली तू त्या दिवशी लिहिलंयस ना, 'सही माझी, चूक माझी', ते तसंच आहे. त्याच्याही खाली डावरी मावशीने डाव्या हाताने एक शब्द लिहिलाय. तू निघाल्यावर लिहिला, मला विचारलंही नाही. 'आली.'

तुझा चष्मा घड्यांच्या टेबलावर राहिला. टपालाने पाठवणार नाही, फुटेल. दोन तारखेला न्यायला ये. पाटीवरचं तुझं नाव आम्ही पुसलेलं नाही. मळक्या खोलीत, शेवटून दुसरं. शेवटचं माझं आहे, ते मागू नकोस.

भिंगरी